रोज चार मिनिटं आधी

हवालदारजी,

सकाळी कॉलेजात शिरले की माझे पाय अजून मागच्या खोलीकडेच वळतात. तिथे आता मोडकी बाकं रचून ठेवली आहेत. आत जायचं काही कारण नाही, तरी मी कडीला हात लावते आणि परत फिरते. तुम्ही गेलात त्या आठवड्यात तर दोनदा दार उघडून आत जाऊन उभी राहिले. चपराशाने विचारलं, "मॅडमजी, कुछ ढूँढ रहे हो क्या?" मी म्हटलं, काही नाही.

खरं तर मला सांगता आलं असतं. मी साडेसातची वेळ शोधत होते. साडेसातला तुम्ही रात्रीचा कागद लांब टेबलावर पसरून, चार कोपऱ्यांवर तराजूची पितळी वजनं ठेवून, हात पुसत उभे असायचात. तासभर आपण दोघं त्या रेघेवर वाकून असायचो. माझ्या आयुष्यात कुणाबरोबर इतके तास मी शेजारी शेजारी घालवलेले नाहीत, आणि हे तुम्ही असताना एकदाही माझ्या लक्षात आलं नाही.

तुम्ही महूच्या लष्करी सिग्नल पलटणीतून पेन्शनीत निघून आमच्या भौतिकशास्त्र विभागात आलात, तेव्हा मी नवीच होते. विभागातली एकटी बाई, एमएस्सीला पहिली आलेली, आणि वडील संस्थानच्या खासगी खात्यात होते हे कुणी विचारलं नाही तरी सांगणारी. संस्थान गेलं, घोडे गेले, तुकोगंजातलं अर्धं घर भाड्याने द्यावं लागलं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. तुम्हाला मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "निकाळजे, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का?" तुम्ही म्हणालात, "येतं मॅडमजी. मोर्सपण येतं. आपल्याला कशात बोलायचं?" मी चिडले होते. आता त्यावर एकटीच हसते.

काम काय होतं ते तुम्हाला मी समजावून दिलं, आणि आठ दिवसांत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळलं. दुसऱ्या शहरातल्या एका बड्या प्रोफेसरांनी ते आमच्याकडे सोपवलं होतं. उत्तरेला फार लांब, परक्या देशात एक रेडिओ केंद्र होतं. त्याचा सिग्नल हवेच्या अगदी वरच्या थरावरून परतून आपल्यापर्यंत यायचा, आणि त्याची ताकद आपलं यंत्र रात्रभर कागदावर उतरवायचं. प्रोफेसरांचं म्हणणं असं की कल्पनेच्या पलीकडे दूर कुठे एखादा तारा एकाएकी भडकला, त्यातून क्ष-किरणांचा लोंढा सुटला आणि तो त्या थरावर येऊन आदळला, तर सिग्नल मंदावेल आणि आपली रेघ खाली बसेल. दिवसा सूर्यच त्या थरात ढवळाढवळ करतो, म्हणून नोंद रात्रीची. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे धमाका तिकडे, आणि लाइन गिरणार इंदूरमध्ये. बढिया काम आहे."

यंत्रासाठी पैसे मिळाले होते, पण कागद ओढायला मोटार नव्हती. तुम्ही कुठूनशी जुन्या ग्रामोफोनची चावीची मोटार आणलीत, तिची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, बदललीत, आणि कागद असा संथ आणि एकसारखा चालू लागला की मीच बघत राहिले. संध्याकाळी चावी भरून तुम्ही घरी जायचात. पहाटे सहाला परत यायचात, पेन उचलून शाई भरायचात आणि सूर्य उगवताना रेघ घसरून खाली उतरेपर्यंत थांबायचात. आपण त्याला सकाळचा उतार म्हणायचो. मग साडेसातला मी. कागदावर कुठे काय आहे ते तुम्ही बोटाने दाखवत जायचात. हा झटका मिलचा, रातपाळी सुटली. हा बिजलीचा कडाका, बडवानीकडे कुठे. हा तुमच्या घरासमोरच्या पिठाच्या चक्कीचा, मॅडमजी, तिच्या मालकाला जरा समजवा. पोह्याचा पुडा तुम्ही मुद्दाम टेबलापासून लांब खिडकीत ठेवायचात, कारण एकदा तेलाचा डाग पडला तेव्हा मी अर्धा तास बोलले होते.

ज्या हिवाळ्याबद्दल मला बोलायचं आहे त्याच्या आधीची तीन वर्षं अशी गेली. ती चांगली वर्षं होती. तारांना कथलाचा डाग देणं तुम्ही मला शिकवलंत. कान लावून रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्वचा आजार ओळखणं शिकवलंत. ट्रान्झिस्टर म्हणजे खेळणं, खरा आवाज व्हॉल्वचाच, हा आपला वाद तर संपलाच नाही. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडत बसते, आणि बहुधा तुमची बाजू जिंकते.

तीन वर्षांत तारा काही भडकला नाही. प्रोफेसर लांबून पत्रं पाठवत, नोंदी स्वच्छ हव्यात, वेळा काटेकोर हव्यात. उंटावरून शेळ्या हाकणं होतं ते, पण मला त्या पत्रांची धास्ती असे. बाई आहे म्हणून काम ढिसाळ, असं कुणी म्हणायला नको होतं मला. ती धास्ती मी तुमच्यावर उतरवायचे.

मग त्या हिवाळ्यात एका सकाळी कागदावर खड्डा आढळला. मध्यरात्रीच्या सुमाराला रेघ एकाएकी खोल बसलेली, तासाभराने पुन्हा वर आलेली. मिलचा नव्हे, विजेचा नव्हे, चक्कीचा तर नव्हेच. तुम्ही बोट ठेवलंत आणि पहिल्यांदाच नाव सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशीही तो होता. पण चार मिनिटं आधी. तिसऱ्या दिवशी आठ मिनिटं आधी, आणि जरासा उथळ.

"कमान सैल पडत चालली आहे," मी म्हटलं. "कागद हळू सरकतोय, म्हणून खड्डा आधी आल्यासारखा दिसतो. केंद्रवाले रोज ठरल्या वेळेला ताकद कमी करत असणार."

तुम्ही मोटार उघडून कमान माझ्यापुढे ठेवलीत. "बघा ना मॅडमजी, एकदम टाइट आहे. परसोंच ग्रीस लावलं. आणि कागद हळू चालला असता तर सकाळचा उतार पण आधी आला असता ना? तो तर आपल्या जगह वर आहे."

मला उत्तर सुचलं नाही. ते मला फार लागलं. एक दिवस आणि एक रात्र मी उत्तर शोधत होते, आणि खोटं सांगत नाही, त्या सगळ्या वेळात तुमचं म्हणणं बरोबर असेल असं मनात आलंच नाही. दुसऱ्या सकाळी कागद बघताना सहाच्या जागी रेघेत रोजचं ते तुटकं अंतर दिसलं. शाई भरायला तुम्ही पेन उचलायचात ना, ते. आणि मला उत्तर मिळालं.

"सहाला पेन उचलता तेव्हा तुम्ही कागद हाताने पुढे ढकलता," मी म्हटलं. "रात्रीची कसर भरून काढता. म्हणून सकाळचा उतार जागेवर येतो."

तुम्ही हात पुसत होतात. ते पुसणं थांबलं. "म्हणजे मी चोरी करतो?"

"चोरी नाही म्हणत मी. चूक झाकता, एवढंच."

"मॅडमजी," तुम्ही म्हणालात, आवाज मुळीच चढवला नाहीत, "फौजेत लॉगमध्ये एक मिनिट इकडेतिकडे लिहिलं तर माणसं मरतात. मी कागद नाही ढकलला."

बस, एवढंच. पुरावा तुमच्याकडे काही नव्हता. तुमचा शब्द होता, आणि तो मी घेतला नाही. एखाद्या पहाटे सहाला येऊन बघितलं असतं तरी झालं असतं. तुकोगंज ते कॉलेज, सायकलने पंधरा मिनिटं. थंडी होती हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं देत होते. थंडी तुम्हालाही होती.

त्याच्या मागच्या वर्षी तुम्ही आमच्या घरचा रेडिओ दुरुस्त करायला आला होतात. आईने तुम्हाला चहा दिला तो कान तुटलेल्या कपात, जो मोरीच्या वरच्या फळीवर वेगळा ठेवलेला असायचा. कुणासाठी ते मला लहानपणापासून माहीत होतं. मी बघितलं आणि रेडिओच्या मागे काहीतरी शोधू लागले. तुम्ही चहा प्यालात, कप स्वतः विसळलात, आणि आईला म्हणालात, चहा मस्त झाला होता. तुमचा शब्द मला इतका हलका कसा वाटला, हे मी त्या कपाला सोडून दुसऱ्या कशालाही विचारू शकत नाही. तुमच्या जागी कुणी जोशी-कुलकर्णी असता, तर त्याच्या तोंडावर मी ते म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. निदान आधी एकदा पहाटे उठून आले असते.

पुढचे दहा दिवस मी नोंदी दुरुस्त करत होते. एका मोठ्या तक्त्यावर रोजची रेघ उतरवायची आणि तांबड्या पेन्सिलीने बाजूला दुरुस्ती लिहायची, चार मिनिटं, आठ, बारा, सोळा. तेवढी रेघ मागे सरकवली की सगळे खड्डे एकाखाली एक, ओळीत. फार सुबक दिसायचं ते. रोज खड्डा थोडा उथळ होत गेला आणि दोन आठवड्यांनी नाहीसा झाला. तुम्ही शेजारी उभे राहून ते सगळं बघत होतात. आधीसारखं बोट ठेवत नव्हतात.

मी प्राचार्यांना लिहिलं, आणि प्रोफेसरांनाही. भाषा फार सभ्य होती. पहाटेच्या नोंदीत सहायकाकडून हस्तक्षेप झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं काहीतरी. प्रोफेसरांनी दोन आठवड्यांची नोंद सदोष धरली. प्राचार्यांनी तुम्हाला भांडारात बसवलं, काचसामान मोजायला. किल्ल्या माझ्या हातात देताना तुम्ही म्हणालात, "कमानीला दर जुम्मेला तेल द्या मॅडमजी, नाहीतर रुसते." नव्या माणसाने तेल दिलं नाही आणि मीही विसरले. तीन महिन्यांत कमान तुटली, मग प्रोफेसरांचं लक्ष दुसरीकडे गेलं, मग खोलीत बाकं आली. त्याच वर्षी तुम्ही नोकरी सोडून अन्नपूर्णा भागात घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलंत. निरोपसमारंभाला मी हार घातला. फोटोत आपण दोघं हसतो आहोत.

दोन वर्षांनी मी बीएस्सीच्या वर्गावर होते. दरवर्षी शिकवते तेच शिकवत होते. पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकत राहते, म्हणून कुठलाही तारा काल जिथे होता तिथे आज चार मिनिटं आधी पोचतो. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने बोटांवर मोजत विचारलं, "म्हणजे मॅडम, चार, आठ, बारा, सोळा, असं जात राहणार?"

मी हो म्हटलं आणि खडू खाली ठेवला. वर्ग सोडून दिला. कपाटातला तक्ता काढून जमिनीवर पसरला, तांबडे आकडे खोडत रेघा जिथल्या तिथे नेऊन बसवल्या. खड्डे तिरके चालत होते, रोज चार मिनिटं, एकही दिवस न चुकता. घड्याळाने चालणारं काहीच असं करत नाही. मिल नाही, चक्की नाही, परदेशातलं केंद्र नाही. मृग नक्षत्र डोक्यावर येतं त्याच सुमाराला, त्याच्या आसपास जिथे डोळ्यांना काही दिसत नाही अशा कुठल्यातरी जागी काहीतरी भडकलं होतं, आणि दोन आठवड्यांत विझत गेलं होतं. ते आपल्या कागदावर आलं होतं. तीन वर्षं आपण ज्याची वाट बघितली तेच, आणि मी ते स्वतःच्या हाताने सरकवून ओळीत बसवलं होतं. हे मी वर्गात शिकवते, हवालदारजी. तेव्हाही शिकवत होते.

आता जे सांगते ते कुणालाच सांगितलेलं नाही. तेव्हा मनात पहिला विचार तुमचा आला नाही. पहिला विचार आला की माझा शोध गेला. त्या संध्याकाळी मी रडले ती त्यासाठी. तुमची आठवण दुसऱ्या दिवशी आली.

प्रोफेसरांना लिहिलं. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं, एका ठिकाणच्या नोंदीवर काही म्हणता येत नाही, दुसरीकडे कुणी तेव्हा बघत नव्हतं, आता इलाज नाही. त्यांचंही बरोबरच होतं. पण मी त्यांना काय लिहिलं होतं ते ऐका. मी लिहिलं, यंत्रात दोष नव्हता असं आता दिसतं. यंत्रात. माणसाचं नाव त्या पत्रात नव्हतंच.

मग मी तुमच्या दुकानात यायला लागले. पहिल्यांदा आले ती सांगायचं ठरवूनच. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून घरचा रेडिओ बरोबर घेतला, आणि तो चालू होता म्हणून एक व्हॉल्व अर्धा उपसून ठेवला. तुम्ही मागचं झाकण काढलंत, आत बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. "हा आपोआप नाही निकलत, मॅडमजी," म्हणालात आणि बसवून दिलात. मी म्हटलं, मोलकरणीचा हात लागला असेल. तुम्ही स्टूल पुढे केलंत, मी बसले, आणि आपण ट्रान्झिस्टरवर भांडलो. आतून तुमच्या शांताबाईंनी चहा पाठवला. निघताना दारापाशी माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. मी म्हटलं, "बराय, येते."

त्यानंतर दर महिन्याला. कधी रेडिओ, कधी इस्त्री, कधी कॉलेजातला मीटर. आई गेल्यावर तर बोलायला म्हणूनही. तुमच्या दुकानातलं ते स्टूल ही एकच जागा उरली होती जिथे मला कुणी विचारायचं, "जेवण झालं?" दर वेळी ठरवून यायचे, आज सांगायचं. दर वेळी वाटायचं, आज तुमचा चेहरा खुशीत आहे, कशाला जुनं उकरायचं. किंवा आज थकलेले दिसता. कारणांना काय तोटा. खरं कारण हेच की सांगितलं असतं तर स्टूल गेलं असतं अशी भीती वाटायची. तुम्ही तसे नव्हतात हे आता लिहिताना कळतं, पण तेव्हा मी तुम्हाला माझ्यासारखंच धरून चालले होते.

एकदा तुम्हीच विषय काढलात. डाग देता देता, मान वर न करता. "मॅडमजी, ते आपले कागद? त्यांचं काय झालं?"

"कपाटात आहेत," मी म्हटलं.

"फेकू नका."

"नाही फेकत."

तुम्ही थांबलात. डाग देऊन झाला होता तरी थांबलात. मला समोर दार उघडं दिसत होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. तेवढ्यात हातोद गावचं एक गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं, आणि मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. ती गोष्ट मागच्या दिवाळीची. नंतर तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

तुम्ही गेल्याचं मला दुकानाच्या बंद दारावरून कळलं. हातात इस्त्री होती.

पुण्यानुमोदनाला मी आले होते. मांडवात ओळखीचं कुणीच नव्हतं. भंतेजींचं वंदन-सूत्रपठण झाल्यावर लोक एकेक उठून तुमच्याबद्दल बोलू लागले. पलटणीतले एक म्हातारे बोलले, शेजारी बोलले. तुम्ही गल्लीतल्या किती जणांचे रेडिओ फुकट दुरुस्त केलेत ते मला तेव्हा कळलं. मग कुणीतरी म्हणालं, "कॉलेजच्या मॅडमजी पण दोन शब्द बोलतील." मी उठले. चांगली चार वाक्यं तयार करून आणली होती, कर्तबगार, निष्ठावान वगैरे. ती आठवली नाहीत. मी म्हटलं, काही वर्षांपूर्वी कॉलेजात मी हवालदारजींवर आळ घेतला की ते नोंदीचा कागद हाताने ढकलतात. त्यावरून त्यांना भांडारात बसवलं. त्यांनी कागद ढकलला नव्हता. चूक माझी होती. ताऱ्याचंही सांगायला लागले, पण लोकांना त्यात गम्य नव्हतं आणि मलाही तिथे ते पुढे रेटवेना. खाली बसले. मग पलटणीतल्या दुसऱ्या कुणाला बोलावलं.

लोक पांगल्यावर शांताबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पांढरं पातळ, डोळे कोरडे. मला वाटलं आता रागावतील, किंवा माझा हात धरतील. दोन्हीची तयारी होती माझी.

"ते आम्हाला मालूम होतं, मॅडमजी," त्या म्हणाल्या. "त्यांनी घरी सांगितलं त्याच दिवशी. झूठ ते बोलायचेच नाहीत, तर त्यात काय शक करायचा. तुम्हाला कधी कळलं?"

खोटं सांगता आलं असतं. आत्ताच कळलं, कागद पुन्हा बघताना, असं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

"तीन वर्षं झाली," मी म्हटलं.

त्यांनी दुकानाच्या बंद फळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तीन साल," त्या म्हणाल्या. "आणि दर महिन्याला तर येत होतात."

येत होते, हवालदारजी.